लाडमोडची तारीख

नेवाशाला दोन तारखा आहेत. पहिली सगळ्यांना पाठ असते : शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. ज्ञानेश्वरी सिद्ध झाल्याचे हे साल ग्रंथाच्या अखेरीस नोंदलेले आहे आणि ती उतरवून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचे नावही तिथेच आहे. पैसाच्या खांबापुढे हात जोडणाऱ्या वारकऱ्याला ते वेगळे सांगावे लागत नाही. दुसरी तारीख मात्र कुणीच लिहून ठेवलेली नाही. प्रवरेच्या काठी लाडमोड नावाचे पांढरीचे टेकाड आहे. त्याच्या पोटात जळक्या लाकडाचे कोळसे निघाले आणि ती तारीख त्या कोळशांनी सांगितली. पहिली तारीख वाचायला अक्षरओळख पुरते. दुसरी वाचायला पदार्थविज्ञान लागते, आणि तेही फार मोठे नव्हे. आठवी ते बारावीपर्यंत वर्गात शिकवले जाते तेवढ्यात त्याचा सांगाडा उभा राहतो.

माध्यमिक शाळेत पदार्थविज्ञान शिकून पुढे काय, हा प्रश्न आमच्या भागात पालक नेहमी विचारतात, आणि उत्तर बहुधा दोनच शब्दांत मिळते : डॉक्टर, इंजिनिअर. या लेखात त्याच प्रश्नाचा थोडा मागोवा घ्यायचा आहे. सुरुवात गावातल्या टेकाडापासूनच केलेली बरी.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ ते १९५६ या काळात लाडमोडचे उत्खनन केले. त्याचा मोठा अहवाल १९६० मध्ये निघाला. त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थच मुळी ‘इतिहासाकडून प्रागितिहासाकडे’ असा आहे, आणि खणणाऱ्याचा प्रवास अगदी तसाच होतो. वरच्या थरांत मराठा आणि मुसलमानी अमदानी, त्याखाली सातवाहन काळ आणि रोमशी चाललेल्या व्यापाराच्या खुणा, त्याखाली तांबे आणि दगड दोन्ही वापरणाऱ्या शेतकऱ्यांची वस्ती. नदीच्या जुन्या वाळू-गोट्यांत तर त्याहून कितीतरी प्राचीन दगडी हत्यारे सापडली. मध्याश्मयुगाच्या आधीच्या त्या हत्यारांच्या परंपरेला सांकलियांनी ‘नेवासियन’ असे नावच देऊन टाकले. आमच्या तालुक्याचे नाव जगाच्या पुस्तकांत गेले ते असे. गावात मात्र ते फारसे कुणाला ठाऊक नाही.

ताम्रपाषाणयुगातल्या त्या शेतकऱ्यांनी आपली लहान मुले घराच्या जमिनीखाली पुरली होती, दोन रांजण तोंडाला तोंड लावून. एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती आणि मण्यांच्या भोकांत धाग्याचा अंश टिकून राहिला होता. पण ही माणसे केव्हाची? सातवाहन थरात नाणी असतात, नाण्यांवर राजांची नावे असतात, त्यावरून काळ ठरतो. ताम्रपाषाण थरात ना नाणे ना अक्षर. रंगवलेल्या मडक्यांची इतर ठिकाणच्या मडक्यांशी तुलना करून अंदाज बांधायचा, आणि दुसऱ्या विद्वानाने दुसरा अंदाज बांधायचा. असे चालले असते तर ते अजूनही चालू असते.

तोवर शिकागोत विलर्ड लिबी यांनी १९४९ मध्ये एक पद्धत सिद्ध करून दाखवली होती. तिची कल्पना साधी आहे. अवकाशातून येणारे विश्वकिरण वातावरणावर आदळतात, त्यातून नायट्रोजनच्या काही अणूंचे कार्बन-१४ मध्ये रूपांतर होते. हा कार्बन हवेतून झाडात येतो आणि झाडातून आपल्यात. झाड जिवंत आहे तोवर त्याची भरपाई होत राहते. झाड तोडले की आवक बंद, आणि आत असलेला साठा ठरावीक गतीने घटत जातो. ५,७३० वर्षांत तो निम्मा होतो, पुढच्या ५,७३० वर्षांत उरलेल्याच्या निम्मा. एवढेच.

‘निम्म्याचा निम्मा’ हे मुलांना पटवून द्यायला मी एकेकाळी वर्गात चिंचोके वापरत असे. फोडलेला चिंचोका एका बाजूने पांढरा आणि दुसऱ्या बाजूने काळपट असतो, सारीपाट खेळणाऱ्यांना ते सांगायला नको. असे १०० चिंचोके मुठीमुठीने फरशीवर टाकायचे. पांढरी बाजू वर आलेले बाजूला काढायचे, उरलेले मोजायचे आणि पुन्हा टाकायचे. ५०, २५, १२ असे नेमके आकडे कधीच येत नाहीत. ५३ येतात, मग २४, मग १४. फळ्यावर आलेख काढला की वक्र मात्र दर वेळी तसाच उतरतो. या प्रयोगाला खर्च शून्य आणि अर्धायुष्य म्हणजे काय ते जन्मभर लक्षात राहते.

आता लाडमोडच्या कोळशाचे गणित पाहू. ताज्या लाकडातल्या १ ग्रॅम कार्बनमध्ये मिनिटाला सुमारे १४ अणू फुटतात. समजा, एखाद्या जुन्या कोळशात ते साडेनऊ भरले. म्हणजे १०० पैकी सुमारे ६८ भाग उरले. अजून एक अर्धायुष्य पुरे झालेले नाही. लॉगॅरिथम वापरून हिशेब केला तर सुमारे ३,२०० वर्षे निघतात. आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, पण नेवाशाच्या ताम्रपाषाण वस्तीचा काळ याच घरात पडतो : इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकाचा उत्तरार्ध. (लिबींनी अर्धायुष्य ५,५६८ वर्षे धरले होते. त्याने हाच हिशेब केला तर शंभरेक वर्षे कमी भरतात. पुढे झाडांच्या वार्षिक वलयांशी ताळा घेऊन या साऱ्या तारखा पुन्हा दुरुस्त कराव्या लागल्या. मोजमापात चूक निघाली म्हणून शास्त्र खोटे पडत नाही, ही गोष्टही शाळेतच सांगायला हवी.)

हिशेब सोपा, पण मोजणी अवघड. मिनिटाला नऊ-दहा इतक्या क्षीण हालचाली ऐकायच्या तर भोवतालचा किरणोत्सार अडवायला मोजणीयंत्राभोवती लोखंडा-शिशाच्या जाड भिंती लागतात. सुरुवातीला आपल्याकडच्या उत्खननांतले कोळसे अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पाठवले जात. १९६० नंतरच्या काही वर्षांतच मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल यांच्या गटाने अशी प्रयोगशाळा उभी केली आणि नेवाशाचे नमुने तिथेही मोजले गेले. विश्वकिरणांचा अभ्यास करणारी माणसे टेकाडातल्या चुलीची राख तपासू लागली. हा प्रवास कुणीही आधी आखलेला नव्हता. पदार्थविज्ञान शिकलेला माणूस कुठे पोचेल, याची यादी शाळेच्या भिंतीवर लावता येत नाही ती याचमुळे.

मराठी मुलगा या विषयापर्यंत पोचला कसा, तेही पाहायला हवे. मुंबईत कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये काढली. एल्फिन्स्टनमध्ये सृष्टिशास्त्र शिकवणारे प्राध्यापक ऑर्लिबार तिचे काम पाहत. त्यांच्या हाताखाली, वय पंधरा-सोळाच्या आसपास असताना, अलिबागजवळच्या नागावचा एक मुलगा सहायक म्हणून लागला. त्याचे नाव केरो लक्ष्मण छत्रे. आजच्या हिशेबाने तो दहावीतला विद्यार्थी. चुंबकसूची किती हलली, पारा किती चढला, याच्या नोंदी ठरल्या वेळी घ्यायच्या, रात्री-अपरात्री घ्यायच्या. या नोंदींतून छत्रे घडले. पुढे पुण्यात ते गणित आणि सृष्टिशास्त्राचे प्राध्यापक झाले, टिळक त्यांचे विद्यार्थी. पण मला महत्त्वाचे वाटते ते दुसरेच : मोठ्या कॉलेजात शिकवणाऱ्या या माणसाने शाळेतल्या मुलांसाठी मराठीत अंकगणिताचे आणि पदार्थविज्ञानाचे पुस्तक लिहिले. ज्याला हा विषय नोकरीतून, हाताने काम करत मिळाला होता, त्याने तो पुस्तकातून पुढच्यांच्या हाती दिला. कुलाब्याची चुंबकीय निरीक्षणे विसाव्या शतकाच्या आरंभी अलिबागला हलवावी लागली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या आणि त्यांच्या प्रवाहाने चुंबकसूची बिघडली असती. वेधशाळा अशी केरोनानांच्या गावाशेजारी जाऊन बसली. हा निव्वळ योगायोग, पण विजेच्या प्रवाहाचा चुंबकीय परिणाम शिकवताना याहून चांगले उदाहरण मला तरी सापडलेले नाही.

छत्र्यांच्या पुस्तकापासून प्रत्येक मुलापर्यंत विषय पोचायला शंभरावर वर्षे लागली. जुन्या मॅट्रिकमध्ये आणि नंतरच्या अकरावीच्या एसएससीत विषय निवडायची मोकळीक मोठी होती. पुष्कळ मुले आणि त्याहून पुष्कळ मुली पदार्थविज्ञानाला वळसा घालून शाळेबाहेर पडत. १९६४ मध्ये केंद्र सरकारने शिक्षण आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष दौलतसिंह कोठारी स्वतः पदार्थविज्ञानाचे संशोधक होते आणि सदस्य-सचिव होते आपल्या कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक. पहिली दहा वर्षे विज्ञान आणि गणित सर्वांना सक्तीचे असावे, अशी शिफारस या आयोगाने १९६६ मध्ये केली. महाराष्ट्रात नव्या आकृतिबंधाची पहिली दहावी १९७५ मध्ये परीक्षेला बसली. तेव्हापासून ऊसतोडणी कामगाराच्या मुलीलाही ओहमचा नियम येणे अपेक्षित आहे. यात आमच्या ग्रामीण शाळांचा किती मोठा फायदा झाला, हे आपण फारसे मोजत नाही. नापासांची संख्या मात्र लगेच मोजली.

सक्तीने पुस्तक येते, प्रयोग येतोच असे नाही. मी शिकलो त्या शाळेत पदार्थविज्ञानाच्या साहित्याचे एक काचेचे कपाट होते. त्यात भिंगे होती, लोलक होता, एक गॅल्व्हानोमीटर होता, आणि कपाटाला कुलूप होते. किल्ली मुख्याध्यापकांकडे. साहित्य फुटले तर भरपाई कोण देणार, ही सरांची भीती खोटी नव्हती. पगार तो केवढा. आम्ही भिंगाची आकृती वहीत काढली, किरणांना बाण दिले आणि पैकीच्या पैकी गुण मिळवले. भिंग हातात घेतले ते पुढे चार वर्षांनी.

त्याच्या नेमके उलट एक उदाहरण डॉ. रघुनाथ माशेलकरांनी अनेक भाषणांतून सांगितले आहे. गोव्यातल्या माशेलात १९४३ मध्ये जन्मलेला, वडिलांविना वाढलेला, वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत अनवाणी हिंडलेला हा मुलगा गिरगावातल्या युनियन हायस्कूलमध्ये शिकत होता. शाळा गरीब होती. भावे सर पदार्थविज्ञान शिकवत. नाभीय अंतर समजावताना त्यांनी मुलांना वर्गाबाहेर उन्हात नेले, भिंग धरले, कागदावर प्रकाशाचा ठिपका लहान होईपर्यंत ते मागे-पुढे केले आणि कागद पेटवून दाखवला. मग मुलाकडे वळून, शक्ती अशी एका जागी आणलीस तर काय होईल, या अर्थाचे काहीतरी ते बोलले. या वाक्याची गोष्ट सगळे सांगतात. मला त्याच्या आधीची गोष्ट जास्त मोलाची वाटते : भिंग कपाटाबाहेर आले होते. माशेलकर १९६० मध्ये एसएससीच्या गुणवत्ता यादीत आले, पण पुढे ते पदार्थविज्ञानाकडे गेलेच नाहीत. ते रसायन अभियंता झाले आणि वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक झाले. हळदीच्या अमेरिकी पेटंटाविरुद्धचा झगडा त्यांच्याच कारकिर्दीतला. भिंगाचा धडा हळदीपर्यंत गेला असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल, पण थोडीच.

मुलींचा रस्ता याहून अरुंद होता. रोहिणी गोडबोले १९५२ मध्ये पुण्यात जन्मल्या आणि मुलींच्या शाळेत शिकल्या. सातवीपर्यंत तिथे विज्ञान म्हणजे गृहविज्ञान, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. राज्याच्या शिष्यवृत्ती परीक्षेत विज्ञानाचे प्रश्न होते, म्हणून तो अभ्यास त्यांना शाळेबाहेर, स्वतःच्या हिमतीवर करावा लागला. शिष्यवृत्ती मिळाली. पुढे स. प. महाविद्यालय, मुंबईची आयआयटी, अमेरिकेत पीएच.डी., मुंबई विद्यापीठात अध्यापन आणि १९९५ पासून बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था असा त्यांचा प्रवास झाला. मूलकणांच्या शास्त्रात त्यांचे नाव जगभर घेतले जाई. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या गेल्या. भारतातल्या स्त्री-वैज्ञानिकांच्या आत्मकथनांचे ‘लीलावतीज डॉटर्स’ हे पुस्तक त्यांनी रामकृष्ण रामस्वामी यांच्यासह २००८ मध्ये संपादित केले. ते प्रत्येक कन्याशाळेच्या ग्रंथालयात असायला हवे. मराठीत तर नक्कीच.

एक परीक्षा, एक शिक्षक, एक भिंग. हे सारे नशिबावर सोडलेले आहे असे वाटते, आणि ते बऱ्याच अंशी खरे आहे. नशिबाचा वाटा कमी करता येतो का, हे पाहण्याचा गंभीर प्रयत्न आपल्याकडे १९७४ मध्ये सुरू झाला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र निघाले ते एखाद्या इमल्यात नव्हे, तर मुंबईत नाना चौकातल्या महापालिकेच्या शाळेत. पदार्थविज्ञानाचे संशोधक वि. गो. कुलकर्णी त्याचे पहिले प्रमुख आणि भा. मा. उदगावकर यांच्यासारखे शास्त्रज्ञ त्यामागे उभे. लवकरच त्यांचे सहकारी जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याला आणि आसपासच्या खेड्यांतल्या शाळांत गेले. अडचण साहित्याची असेल असे सर्वांना वाटत होते. साहित्याची होतीच. पण कुलकर्णी आणि वि. ग. गंभीर यांच्या अभ्यासातून पुढे आलेली गोष्ट वेगळी होती : मुले विज्ञानात अडखळत होती त्याआधी पुस्तकाच्या मराठीत अडखळत होती. धड्याची भाषा सोपी केली, वाक्ये लहान केली, तेव्हा त्याच मुलांचे विज्ञानाचे आकलन सुधारले. मूल मराठी, माध्यम मराठी, पुस्तक मराठी, आणि तरीही भाषेची भिंत! ‘अपवर्तन’, ‘अपस्करण’, ‘अपसारी’ हे शब्द एका आठवड्यात भेटलेल्या कुठल्याही मुलाला ती भिंत दाखवता येईल. याच केंद्राने पुढे ऑलिंपियाडचे विद्यार्थी घडवले आणि २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय भौतिकी ऑलिंपियाड मुंबईत भरवले. तो भाग वर्तमानपत्रांत आला. खिरोद्याचा भाग विसरला गेला.

आता पुन्हा नेवाशाला येऊ. २०१८ मध्ये बदललेल्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकाचा पहिलाच धडा गुरुत्वाकर्षण, पुढे विद्युतधारेचे परिणाम, उष्णता, प्रकाशाचे अपवर्तन, भिंगे, आणि शेवटी अवकाश मोहिमा. अवकाशापर्यंत जायची गरज नाही. आमचा तालुका उसाचा. सोनईचा मुळा कारखाना, भेंड्याचा ज्ञानेश्वर कारखाना, दोन्हीकडे रसाचा ब्रिक्स मोजतात. शेतात तोडणीआधी ऊस पक्व झाला की नाही हे पाहायला हातात धरायचा रिफ्रॅक्टोमीटर वापरतात. रसाचा थेंब काचेवर टाकायचा, उजेडाकडे धरून डोळा लावायचा, आत सावलीची रेघ कुठल्या आकड्यावर आहे ते वाचायचे. साखर जास्त तर अपवर्तनांक जास्त, म्हणून रेघ वर. हा दहावीचा सहावा धडा आहे, शेताच्या बांधावर. वर्गात मात्र काचेची चीप आणि टाचण्या, त्याही फळ्यावर काढलेल्या.

दहावीनंतर तालुक्यातली बरीच मुले आयटीआयला जातात, वायरमन, इलेक्ट्रिशियन होतात; काही डिप्लोमाला. विहिरीवरची मोटर जळते तेव्हा तिन्ही फेजमधला दाब तपासणारा, कपॅसिटर बदलायचा की वाइंडिंग गेले हे ओळखणारा तरुण पदार्थविज्ञानच करत असतो. आपण त्याला ‘मेकॅनिक’ म्हणतो आणि विषय तिथे संपवतो. छत्रे वेधशाळेत नोंदी घेत होते तेव्हा तेही हाताखालचा पोरगाच होते.

जी विज्ञान शाखेला जातात त्यांच्यापुढे दुसरी भिंत. अकरावीला पदार्थविज्ञानाचे पुस्तक इंग्रजीत येते. दहा वर्षे ‘त्वरण’ म्हटलेल्या मुलीने जून-जुलैच्या एका सकाळी ‘अ‍ॅक्सलरेशन’ म्हणायला लागायचे, आणि तेही अशा वर्गात जिथे निम्मी मुले शहरातल्या क्लासच्या नोट्स घेऊन बसलेली असतात. खिरोद्यात सापडलेली भिंत इथे दुप्पट उंच होते. हुशार मुलगी त्या वर्षी गप्प होते, गुण घसरतात, घरी म्हणतात, आर्ट्सला टाका. कुणाचे नाव घेऊन दोष द्यावा असे हे नाही. दोन्ही भाषांतली पारिभाषिक नावे शेजारी छापलेली, सोप्या वाक्यांची एक चोपडी अकरावीच्या पहिल्या दोन महिन्यांसाठी हातात असली, तर यातली किती मुले टिकतील, हे आजवर कुणी नीट तपासलेले माझ्या पाहण्यात नाही. तपासायला खर्चही फारसा येणार नाही.

शाळांच्या सहली पैसाच्या खांबाला येतात, मोहिनीराजाचे दर्शन घेतात, डबे खातात आणि परततात. लाडमोडकडे सहसा कुणी वळत नाही. आठवीच्या पुस्तकात अणूच्या अंतरंगाच्या धड्यात समस्थानिके येतात. कार्बन-१४ हे त्याचेच उदाहरण. तो धडा आणि ते टेकाड यांच्यात चालत जाण्याइतकेच अंतर आहे.

एकदा चिंचोक्यांचा खेळ संपल्यावर आठवीतली एक मुलगी फरशीवर उरलेले तीन चिंचोके बघत बसली होती. तिने विचारले, “सर, आता यातला आधी कुठला पडणार हे सांगता येतं का?” मी म्हणालो, “नाही, कुणालाच सांगता येत नाही.” ती म्हणाली, “मग शंभराचं कसं सांगता आलं?” तास संपल्याची घंटा झाली. या प्रश्नाचे उत्तर बारावीच्या पुस्तकाच्या शेवटाकडे, अणू आणि अणुकेंद्रकाच्या प्रकरणात सुरू होते.